शेवटच्या रांगेतला झादान

माझ्या अब्बांना विसरायची खोड होती. सुरी कमरेला खोचलेली असायची आणि ते घरभर सुरी शोधायचे, वर आम्हालाच ओरडायचे. बाजारात गेले की मीठ आणायचं विसरायचे आणि नको असलेला कांदा घेऊन यायचे. अशा माणसाने आयुष्य कुठे काढावं, तर इराकातल्या कूफ्यात, जिथे डोक्यात असेल तेच ज्ञान आणि लिहून ठेवणं म्हणजे आळशाचं काम. त्यांच्याबद्दल बोलायला बसले की अजून माझं डोकं तापतं. नेमका कुणाचा राग येतो ते मला ठरवता येत नाही, म्हणून सगळंच सांगते, तुम्हीच ठरवा.

अब्बांचं नाव झादान. नदीकाठच्या चामडेआळीत आमची एक खोली आणि चुन्याचे चार हौद. शेळ्यामेंढ्यांची कातडी चुन्यात भिजवायची, केस काढायचे, चौकटीवर ताणायची आणि घासून घासून इतकी पातळ करायची की पलीकडचा उजेड दिसावा. मग त्यावर लोक लिहायचे. सुभेदाराच्या कचेरीतले कारकून आमच्याकडून न्यायचे, आणि अल्लाहच्या ग्रंथाच्या प्रती करणारेही आमच्याकडूनच. आता बघा, ज्यावर अल्लाहचे शब्द उतरायचे ते कातडं ह्यांच्या हातचं, आणि मशिदीत शेखांच्या बैठकीत ह्यांची जागा शेवटच्या रांगेत. का, तर म्हणे वास येतो. हमामात जाऊन, खरखरून अंग घासून जायचे, तरी लोक नाकाला उपरणं लावायचे. त्यात आम्ही अरब नव्हे, इराणी, एका अरब टोळीच्या आश्रयाला राहिलेले. अब्बा म्हणायचे, "अगं, आवाज काय, मागेही तेवढाच येतो." स्वतःची समजूत घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांना लिहिता-वाचता यायचं. लहानपणी हिरा गावातल्या चर्चमध्ये ते कातडी पोचवायला जायचे, तिथल्या एका म्हाताऱ्या लेखनिकाने शिकवलं. आमच्या आळीत अक्षर येणारे ते एकटेच. कुणाच्या मुलाचं खुरासानच्या छावणीतून पत्र आलं की बाया ते घेऊन आमच्या दारात. पत्र ऐकून झालं की डोळे पुसत दुवा द्यायच्या, आणि जाता जाता एकमेकींना म्हणायच्या, "वाचतो हो चांगला, पण पाठ काही नाही बिचाऱ्याला." मी एकुलती एक. मला त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांवर अक्षरं शिकवली. हुजैमा हे माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते.

शेख उमारा बिन खुफाफ हे आमच्या भागातलं मोठं नाव. पैगंबरांचे सोबती त्यांनी स्वतः पाहिलेले, त्यांच्या तोंडून ग्रंथातल्या आयतींचे, म्हणजे वचनांचे, अर्थ ऐकलेले. दुपारच्या नमाजानंतर ते खांबाला टेकून बसायचे आणि एखाद्या आयतीत काय सांगितलंय, कुणाला उद्देशून, कोण काय समजलं, हे उलगडून सांगायचे. त्यांचा एक नियम होता, खरं तर सगळ्या कूफ्याचाच होता. ज्ञान तोंडातून कानात जातं. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून ऐकलं, अशी माणसांची साखळी पाहिजे. अल्लाहचा ग्रंथ तेवढा लिहायचा. त्याचा अर्थ लिहून दुसरं बाड तयार करायचं नाही.

अब्बा ते ऐकायचे आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायचे. म्हणून ते लिहायचे. बैठक सुटली की मशिदीच्या मागच्या भिंतीशी बसून, घाईघाईने, कात्रणांवर. पंधरा वर्षांची कात्रणं एका पोत्यात भरलेली होती आणि माझी आई ते पोतं उशाला घ्यायची.

मी बारा वर्षांची असताना एक कात्रण त्यांच्या कमरेतून मशिदीतच पडलं. कुणीतरी उचललं आणि अब्बांना न देता थेट शेखांना नेऊन दिलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"झादान, हे तुझं?" शेखांनी विचारलं.

"हो, शेख."

"काय आहे?"

"परवा तुम्ही सांगितलेला अर्थ."

"मी तोंडाने सांगितलेला कमी पडला होय तुला?"

लोक हसले. अब्बा म्हणाले, "तुमचं सांगणं पुरलं, शेख, माझं डोकं पुरलं नाही. गळकं आहे ते. म्हणून खाली भांडं ठेवतो." लोक आणखी हसले. शेख मात्र हसले नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले. "आज हे तुझ्या हातात आहे. उद्या कुणाच्या हातात जाईल? ज्याने माझं तोंड पाहिलं नाही त्याच्या. मी कुणाला उत्तर देत होतो, रागाने बोललो की थट्टेने, ह्यातलं काही त्याला कळणार नाही. तो माझ्या शब्दांना धरून भांडत बसेल आणि मी कबरीत पडलेला असेन. माणसाला उलटून विचारता येतं. कातड्याला काय विचारणार?"

अब्बा म्हणाले, "महामारीच्या साली तुमच्या बैठकीतले नऊ जण गेले. त्यांच्या डोक्यात होतं ते आता कुणाला विचारायचं, शेख?"

कुणीतरी जीभ चावली. चामडेआळीतल्या माणसाने शेखांना असा प्रश्न करायचा म्हणजे काय. पण शेख रागावले नाहीत, आणि हेच अब्बांना कायमचं बांधून गेलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "मी आहे ना अजून? विसरलास तर पुन्हा ये, पुन्हा विचार, शंभरदा विचार. पण हे धुऊन टाक. सगळं. माझ्यासाठी."

अब्बांनी घरी येऊन पोतं हौदाशी रिकामं केलं. काजळ आणि डिंकाची शाई, पाण्यात घातली की काळ्या रेघा उठायच्या आणि कातडं कोरं व्हायचं. आईने रिकामं पोतं झटकून घडी करून ठेवलं. मी मात्र थयथयाट केला. "तुम्ही लिहिलेलं आहे ते. त्यांचा काय संबंध?"

"शब्द त्यांचे होते," अब्बा म्हणाले. "त्यांनी परत मागितले."

पंधरा वर्षं, आणि दोन दुपारीत सगळं गटारात. धुतलेल्या कात्रणांवर मग कचेरीतल्या कारकुनांनी मेंढ्यांचे हिशोब लिहिले. अब्बा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पण एक गंमत होती. जे त्यांनी एकदा लिहिलं होतं ते त्यांना आठवायचं. मीठ विसरणारा माणूस दहा वर्षांपूर्वीचा अर्थ शब्दाला शब्द सांगायचा. म्हणायचे, "डोक्यात नाही गं, हातात राहिलंय."

पुढे माझं लग्न झालं. नवरा वायल, खजुराचा व्यापारी, अरब, आणि माझ्या बापाच्या वासाला कधी नाक न मुरडलेला. बाजारामागे त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. आम्हाला एक मुलगी झाली, रबाब. तिची छाती जन्मापासून नाजूक. चुन्याची वाफ नाकात गेली की तिचा श्वास सूं सूं वाजायला लागायचा, ओठ निळे व्हायचे. म्हणून अब्बा नातीला भेटायला आमच्याकडे यायचे, तिला आम्ही चामडेआळीत कधी नेलं नाही. ती तीन वर्षांची असताना वायल तापाने गेला. आठ दिवसांत आटोपलं सगळं.

विधवेने थांबायचे चार महिने दहा दिवस माझा दीर सिमाक गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. बरोबर त्याची बायको लुबाबा.

"वहिनी, मुदत झाली," तो म्हणाला. "मी काही निर्दयी नाही. पण घर आता माझ्याकडे येतं आणि मलाही बायकापोरं आहेत. तुझा बाप आहे की."

"बापाकडे चुन्याचे हौद आहेत. रबाबला तिथे ठेवली तर मरेल ती."

"मग हिराला तुझी आत्या आहे, तिच्याकडे ठेव. मुलं काय, कुठेही वाढतात."

लुबाबा तोवर आत जाऊन खोल्या मोजत होती.

मला त्या घरात वर्षभर हवं होतं, एवढंच. मी माग लावला होता, वर्षभर विणलं असतं तर कुठेतरी चांगल्या हवेत खोली घेता आली असती. आणि हे मी भीक म्हणून मागत नव्हते. ग्रंथात विधवेबद्दल दोन आयती आहेत. एकीत चार महिने दहा दिवस थांबायला सांगितलंय, दुसरीत वर्षभराची सोय सांगितलीय. आमच्याकडचे बहुतेक जण म्हणायचे, पहिलीने दुसरी रद्द झाली. पण अब्बांना एक आठवत होतं. महामारीच्या साली घरोघर विधवा झाल्या होत्या, तेव्हा शेख उमारांनी बैठकीत निराळं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, दोन्ही आयती जिवंत आहेत. अब्बांनी ते ऐकलं होतं, लिहिलं होतं आणि सांगितलं म्हणून धुतलंही होतं.

आम्ही काझीकडे गेलो. काझी वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झादान, तू मुलीचा बाप. तुझ्या एकट्याच्या सांगण्यावर मी कसा निकाल देऊ? आणखी कुणी ऐकलं होतं?"

"नऊ जण होते माझ्या ओळखीचे. महामारीत गेले."

"मग शेख तर आहेत. त्यांनी म्हटलं की मला पुरे. दहा दिवस देतो."

शेख तोवर ऐंशीच्या पुढे गेलेले, डोळ्यांवर पडदे आलेले. अब्बा त्यांच्याकडे गेले. त्यांनीच सांगितलं होतं ना, विसरलास तर शंभरदा विचार. अब्बा विसरले नव्हते. शेख विसरले होते.

"मला आठवत नाही, झादान," ते म्हणाले. "तू खोटं बोलत नाहीस हे मी जाणतो. पण जे मला आठवत नाही ते मी म्हटलं, असं कसं म्हणू?"

अब्बा माझ्याकडे आले ते खाली मान घालून. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? खरं बोलले ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तुमच्याकडे होतं ना लिहिलेलं? त्यांनीच धुवायला लावलं ना? आणि आता तेच म्हणतात आठवत नाही. एवढंही सुनवता आलं नाही ह्यांना. मी पुष्कळ बोलले त्या दिवशी, आणि ते रबाबला मांडीवर घेऊन ऐकत राहिले.

सातव्या दिवशी सकाळी शेखांचा थोरला मुलगा चामडेआळीत आला. शेखांनी अंथरूण धरलं होतं आणि अब्बांना बोलावलं होतं, हौदावरचं एक मोठं भांडं घेऊन. बरोबर पाणी ओढायला कुणी हवं म्हणून अब्बांनी वाटेत मला घेतलं.

शेखांनी मुलांना बाहेर पाठवलं. मग म्हणाले, "झादान, माझ्या खाटेखाली पेटी आहे. ती मागच्या अंगणात ने. आत जे आहे ते धुऊन टाक. न वाचता. आणि कुणाला सांगू नकोस. कबूल कर."

"कबूल, शेख," अब्बा म्हणाले.

अंगणात पेटी उघडली आणि मी खालीच बसले. पेटीभर लिहिलेली कातडी. नीट कापलेली, एकावर एक रचलेली, वर्षानुवर्षांची. आयुष्यभर दुसऱ्यांना लिहू न देणारा हा माणूस घरी बसून लिहीत होता. मला वाटलं, अब्बा आता तरी भडकतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तेही विसरायचे गं." आवाजात राग नव्हताच, उलट कुणी जवळचं भेटल्यासारखे बोलले. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

ते मान वळवून एकेक कातडं पाण्यात बुडवायला लागले. मी पिळून वाळत टाकत होते. पण मी कुठे कबूल केलं होतं? मी वाचत होते. निम्मी पेटी संपल्यावर ते सापडलं. महामारीचं साल, विधवा, दोन्ही आयती. अब्बांनी सांगितलं होतं तसंच.

"अब्बा, हे बघा."

"मी बघणार नाही."

"अहो, माझं घर आहे ह्यात. रबाब आहे."

त्यांचे हात पाण्यातच थांबले. "मी शब्द दिलाय, पोरी. तू दिला नाहीस," एवढं म्हणून त्यांनी घडा उचलला आणि पाणी आणायला निघून गेले. विहीर अंगणाच्या दारालाच होती. पण ते लवकर परत आले नाहीत.

मी ते कातडं घेऊन काझीकडे पळायला हवं होतं. आज मला हे कळतं. पण मीही कूफ्यातच वाढलेली. लिहिलेलं घेऊन गेले तर पहिला प्रश्न येणार, शेख काय म्हणतात. म्हणून मी आत शेखांकडेच गेले.

"कोण?"

"हुजैमा. झादानची मुलगी."

"झालं धुऊन?"

"एक राहिलंय. वाचून दाखवू?"

"मी न वाचता म्हटलं होतं."

"ते अब्बांना म्हटलं होतंत."

शेख हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, "वाच."

मी वाचलं. विधवेचं थांबणं वेगळं आणि राहणं वेगळं. चार महिने दहा दिवस तिने दुसरं लग्न करायचं नाही, हे तिच्यावरचं बंधन. वर्षभर घर, हा तिचा हक्क. बंधन संपलं म्हणून हक्क संपत नाही. ती आपणहून निघाली तर निघाली, तिला काढायचं नाही.

शेखांचे डोळे मिटलेले होते. "छान बोललाय," ते म्हणाले. "नीट समजून बोललाय. कोण हा?"

"तुम्हीच, शेख. तुमच्याच पेटीतलं आहे. तुमचं अक्षर."

"अक्षर मला दिसत नाही, आणि बोललेलं आठवत नाही. मग मी बोललो असं कुणाच्या भरवशावर म्हणू? चार दिवसांत अल्लाहसमोर उभं राहायचंय मला."

"पण पटतंय ना तुम्हाला?"

"पटतंय गं. पण पटणं वेगळं आणि ऐकलेलं असणं वेगळं." त्यांनी कान माझ्याकडे वळवला. "पुन्हा म्हण. हळू."

मी पुन्हा म्हटलं. ते माझ्या मागून म्हणायला लागले. एक शब्द चुकला, मी सुधारला. ऐंशी उलटलेले शेख माझ्यासमोर पोरासारखे पाठ करत होते. सात वेळा म्हणून घेतलं तेव्हा त्यांना न अडखळता आलं.

"आता माझ्यापाशी आलं हे," ते म्हणाले. "उद्या मुलांसमोर, बैठकीतल्या लोकांसमोर सांगेन. काझीलाही निरोप जाईल. ते कातडं धू आता."

आणि मी धुतलं. स्वतःच्या हाताने, खुशीत धुतलं. अब्बा घडा घेऊन आले तेव्हा शेवटची शाई खाली वाहत होती. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि ते चौथऱ्यावर बसून रडले. "राहिलं तुझं घर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेखांच्या खोलीत मुलं, बैठकीतली तीन वडीलधारी माणसं आणि काझीचा कारकून जमले. अब्बा दाराशी होते, मी पडद्यामागे. शेखांनी ते अख्खं म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कारकुनाने विचारलं, "हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत, शेख?"

"झादानची मुलगी हुजैमा," शेख म्हणाले. "तिच्याकडून ऐकलं. काल. आणि ते बरोबर आहे."

खरा माणूस. केवढा खरा, की माझा गळाच कापला. ज्याच्याकडून कानाने ऐकलं त्याचं नाव घेतलं, नियमाप्रमाणे.

मला राहवलं नाही. मी पडद्याआडून ओरडले, "ते ह्यांचंच आहे. ह्यांच्या पेटीत होतं, ह्यांच्या अक्षरात."

वडीलधाऱ्यांतला एक म्हणाला, "बाई, शेखांनी जन्मात एक ओळ लिहिली नाही, हे अख्खा कूफा जाणतो. पेटीतलं दाखव बघू."

"धुतलं."

"धुतलं," तो म्हणाला, आणि अब्बांकडे वळला. "झादान, तू होतास ना? तू सांग. काय लिहिलं होतं?"

मी पडद्याच्या फटीतून अब्बांकडे बघत होते. त्यांनी शेखांकडे पाहिलं. शेख तेवढ्यात थकून झोपले होते, तोंड उघडं पडलेलं.

"मी काही वाचलं नाही," अब्बा म्हणाले.

खरं होतं ते. खरोखरच वाचलं नव्हतं. त्या खोलीत एकही जण खोटं बोलला नाही, आणि माझं घर गेलं.

शेख तिसऱ्या दिवशी वारले. काझीने निकाल दिला. म्हणाला, "अर्थ योग्य आहे, आणि शेखांनी मान्य केला म्हणून इथून पुढे मी तो धरीन. पण ह्या दाव्यात ज्या बाईला घर हवंय तिच्याच तोंडून तो आलाय. तिच्याच सांगण्यावर तिलाच घर देणं मला बरं दिसत नाही." दुसऱ्या दिवशी मी आले तर लुबाबाने माझी भांडी, माझं अंथरूण दाराबाहेर काढून ठेवलेलं. माग मोडून बांधला होता.

रबाबला हिराला आत्याकडे ठेवलं. अब्बांच्या खोलीत दोन दिवस ठेवून पाहिली होती, दुसऱ्या दिवशीच तिचे ओठ निळे झाले. वर्षभराने चांगल्या हवेत खोली मिळाली तेव्हा तिला आणायला गेले. ती आत्याला आई म्हणत होती आणि मला बाई. ते वर्ष मला कुणी परत दिलं नाही.

तो सगळा हिवाळा मी अब्बांशी बोलले नाही. सातूचं पीठ खजुरात कालवून पुढ्यात ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. एक दिवस ते मशिदीतून जवळजवळ धावतच आले. "आज बैठकीत तुझं नाव घेतलं," म्हणाले. "शेख उमारांनी हुजैमा बिन्त झादानकडून ऐकलं, असं. बाजारातल्या एका विधवेचं घर राहिलं त्यावर. तुझं नाव, हुजैमा, पहिल्या रांगेतले लोक पाठ करत होते." त्यांचे डोळे नुसते चमकत होते. माझ्या हातात वाडगा होता, तो मी भिंतीवर फोडला. त्यांनी तुकडे गोळा केले.

पाच वर्षांनी अब्बा गेले. शेवटी शेवटी सगळं विसरले, मलाही आई म्हणून हाक मारायचे. आयतींचे अर्थ तेवढे ओठांवर होते, पण ऐकायला कुणी येत नव्हतं. लोक माझ्याकडे यायचे, बस्र्याहूनसुद्धा. मी सांगायचे, "बाबांनो, मी हे वाचलंय." ते कानावर हात ठेवायचे. "वाचलं म्हणू नका, शेखांना सांगितलं म्हणा."

मग माझ्या निकालानंतर नवव्या वर्षी सिमाक मेला. त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलांनी लुबाबाला चार महिने दहा दिवसांवर एक दिवस राहू द्यायचं नाही असं ठरवलं. काझी आता नवा होता. तो म्हणाला, ती बाई जिवंत आहे तर तिच्याच तोंडून ऐकून ये. लुबाबा दोन बायकांना साक्षीला घेऊन माझ्या दारात आली.

मी तिला बसायला सांगितलं नाही. "माझी भांडी दारात ठेवली होतीस," मी म्हणाले.

"ठेवली होती," ती म्हणाली. सबब सांगितली नाही.

मला नाही म्हणता आलं असतं. गप्प बसले असते तरी पुरलं असतं, ती त्याच दिवशी रस्त्यावर आली असती. खरं सांगते, मी बराच वेळ गप्प बसले.

"म्हण," मी शेवटी म्हणाले. "मी हुजैमाकडून ऐकलं."

"मी हुजैमाकडून ऐकलं."

"हुजैमाने झादानकडून ऐकलं, चामडेआळीतल्या."

ती थांबली. "लोक तर फक्त तुझं नाव घेतात."

"लोक चुकीचं घेतात. झादानने शेख उमारांच्या तोंडून ऐकलं होतं, महामारीच्या साली. मला आधी त्यांनीच सांगितलं. म्हण, नाहीतर जा."

तिने म्हटलं. मी तिच्याकडून सात वेळा म्हणून घेतलं, बापाचं नाव प्रत्येक वेळी मोठ्याने. मग ती काझीकडे गेली आणि तिथे साक्षीदारांसमोर झादान चामडेवाल्याच्या नावाने तिने ते सांगितलं. काझीने मान डोलावली. तिला त्या घरात वर्ष मिळालं. माझ्या वेळी हेच नाव चाललं नव्हतं, कारण मी त्यांची मुलगी होते. लुबाबा त्यांची कुणीच लागत नव्हती.